सोळा ठिकाणी काकणं

करंजाडे,
१० सप्टेंबर २०२५

ती. स्व. जानूदादास,
धाकट्या चंदाचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. तुला फोन करायचा नाद मी आता सोडला. परवा अर्धा तास मी तुला माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख सांगत होते. तू हां हां करत राहिलास आणि शेवटी विचारलंस, मग कोलंबी कितीला पडली. हे शेजारीच बसले होते, अजून हसतायत. वर तू म्हणतोस की माझाच फोन खराब आहे, मी तोंडात भात धरून बोलते. बरं बाबा. बत्तीस वर्षं मुलांची अक्षरं घासली, निदान माझं अक्षर तरी तुला लागेल.

पत्राचं खरं कारण वेगळं आहे. पनवेलचं घर सोडून इथे आलो त्याला वर्ष झालं, तरी चार खोकी बंदच होती. ती ह्यांनी एकदाची उघडली. माझ्या शाळेच्या खोक्यात, हजेरीच्या वह्यांखाली, आयची कॅसेट निघाली. तीच, तू १९८२ साली पहिला टेपरेकॉर्डर आणलास तेव्हा चुलीपाशी बसून भरलेली. कागदावर तुझ्या अक्षरात ‘आय, भाकरी’ असं लिहिलंय. मी तिथेच जमिनीवर बसले, गुडघ्याचा विचार न करता, आणि मग उठवायला दोन माणसं लागली.

माझ्याकडे आता ती वाजवायला काही नाही. तुझ्याकडे डेक असणारच, तू कधी काही टाकलं आहेस? तुझा अंकुर रविवारी पनवेलला येणार आहे म्हणे, त्याच्या हाती देते. नीट ऐक आणि मला लिही. आयचा आवाज मला आठवतो. मला हवी आहेत ती तिची काकणं. भाकरी थापताना ती काकणं कोपराकडे सारायची आणि तव्यावर टाकायला हात खाली गेला की सगळी एकदम मनगटावर घसरायची. शाळेतून येताना दारातच तो आवाज आला की मला कळायचं, भाकरी गरम आहे. टेप भरल्यावर दोन वर्षांतच बाबा गेले आणि आयची काकणं उतरली. त्या हिरव्या काकणांचा आवाज आता जगात फक्त त्या फितीवर उरला आहे.

उज्वलावहिनीला नमस्कार. अंकुर-मितालीला आशीर्वाद. माया आहे तेवढी असू दे, वाढवलीस तर नको म्हणणार नाही.

तुझी,
चंदा

*

तळवली,
२० सप्टेंबर २०२५

चि. सौ. चंदास,
जानूदादाचे अ. उ. आशीर्वाद.

कॅसेट पोचली. टेपरेकॉर्डरचा विषय काढलास म्हणजे माझ्या मर्मावर बोट ठेवलंस. पस्तीस वर्षं ‘जानू साउंड’च्या पेट्या लागल्याशिवाय घणसोलीपासून रबाळ्यापर्यंत कोणाची हळद लागली नाही. पेटीवर नुसता हात ठेवून सांगायचो की आत कोणता स्पीकर फाटलाय. तेव्हा आयची टेप मी काय मोबाइलच्या भोंग्यावर ऐकणार होतो? म्हटलं, हिच्यासाठी चांगले हेडफोन घेऊ. अंकुरला घेऊन वाशीला गेलो.

दुकानातल्या पोरीने आधी उघड्या पाठीचे दिले. म्हणजे कानावरच्या कपाला मागून जाळी असते, हवा खेळती राहते, आवाज मोकळा वाटतो. पण आपलं घर ठाणे-बेलापूर रोडला, मागे बांधकाम, खाली भाडेकरूंचा कुकर. त्या जाळीतून अख्खी तळवली आत येणार. म्हणून बंद पाठीचे बघितले. त्यात बाहेरचं आत येत नाही, पण आतला आवाज पिंपात बोलल्यासारखा घुमतो. पाच जोड्या लावून पाहिल्या. एकात नुसता ढोल. एक इतका घट्ट की दाढा दुखल्या. पोरगी म्हणाली, काका, तुम्ही पहिले आहात ज्यांनी रंग विचारला नाही. शेवटी एक साधा काळा घेतला, कारण त्याच्या गाद्यांखाली मला चार स्क्रू दिसले. जे उघडता येतं ते सुधारता येतं.

घरी आल्यावर डेकचं हेड स्पिरिटने पुसलं, टेप लावली. चंदे, आय बोलली. मी सदुसष्ट वर्षांचा माणूस, उज्वला समोर मेथी निवडत होती, आणि मी तिच्यासमोर रडलो. आयचा आवाज जसाच्या तसा आहे, थापण्याचा धपधप आवाज आहे, माझा तरणा आवाज आहे.

पण काकणं नाहीत. तीन वेळा ऐकलं. हेडचा स्क्रू केसाकेसाने फिरवून पाहिला, कारण तो तिरका झाला की बारीक आवाज आधी जातो. काही नाही. फितीवरून ते आवाज पुसलेच गेलेत. तू ही कॅसेट कुठे ठेवली होतीस ते आठव आणि लिही.

भाऊजींना नमस्कार. ऑपरेशनची तारीख पुन्हा कळव, ह्या वेळी वाचून घेईन.

तुझा,
दादा

*

करंजाडे,
२९ सप्टेंबर २०२५

ती. स्व. दादास,
चंदाचा शि. सा. न.

तुझं पत्र चार दिवस उशीखाली होतं. रोज रात्री काढून पुन्हा वाचलं.

तू विचारलंस म्हणून सांगते, काही लपवत नाही. पनवेलच्या शाळेत असताना एका स्नेहसंमेलनात मला मुलींना आपल्या लग्नातल्या गाण्यावर, धवल्यावर, काही बसवायचं होतं. आयची चाल आठवावी म्हणून कॅसेट शाळेत नेली. टेपवर तर आय धवला गातच नाही, फक्त नाही म्हणते, हे मी विसरले होते. मग ती शाळेच्या कपाटातच राहिली. कपाटाच्या त्याच खणात शाळेचा मोठा लाउडस्पीकर असायचा. दोन वर्षं, दादा. त्याच्या मागे चुंबक असतो आणि चुंबकाने टेप पुसते, हे तुझी बहीण म्हणून मला माहीत होतं. तरी माझ्या लक्षातच आलं नाही.

म्हणजे आयची काकणं बाबांच्या मागे एकदा गेली आणि माझ्या हातून दुसऱ्यांदा. आयने माझ्यावर विश्वास टाकला होता असं नाही, पण तू टाकला होतास. कॅसेट मला देताना तू म्हणाला होतास की तुझ्याकडे धूळ आणि गोंगाट, चंदाकडे नीट राहील.

सात तारखेला ऑपरेशन आहे. हे म्हणतात डॉक्टर चांगला आहे. ह्या वर्षी भाऊबीजेला मला जिना उतरता येणार नाही आणि तुला ओवाळायला यायचं तोंडही नाही. रागावलास तर पत्रातच रागव, गप्प बसू नकोस.

तुझी,
चंदा

*

तळवली,
१५ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. चंदास,
दादाचे आशीर्वाद, गुडघ्याला विशेष.

ऑपरेशन नीट झालं हे अंकुरकडून कळलं. मी मुद्दाम आधी लिहिलं नाही. रागावलो होतो, आणि आजारी माणसावर रागावू नये एवढी अक्कल आहे. लाउडस्पीकरशेजारी! अगं माझ्या पेट्यांमध्ये वाढलीस तू. दोन दिवस मी उज्वलाशीही बोललो नाही. ती म्हणाली, त्यात नवीन काय, म्हणजे असं काहीतरी म्हणाली, हल्ली ती फार पुटपुटते.

मग मी हेडफोन उघडले. हातांना काम लागलं की डोकं शांत होतं, तुला माहीत आहे. कपाच्या आत नुसतं पोकळ प्लास्टिक. म्हणूनच तो पिंपासारखा घुमत होता. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून आतून चिकटवली, मग बायकोच्या उशीतला चिमूटभर शेवरीचा कापूस पिंजून पसरला. घुमणं बंद. बाहेरच्या गाद्या रेक्झिनच्या होत्या, घाम येई. आपल्या साउंडचा मखमली पडदा आठवतो, लाल, वर सोनेरी अक्षरं? त्याचा अजून शाबूत तुकडा होता. हौसेराव टेलरने त्याच्या गाद्या शिवून दिल्या, थोड्या जाड, म्हणजे कान आत मोकळा राहतो. तो म्हणाला, जानूशेठ, आयुष्यभर मांडव शिवले, हे उशीचं खूळ आज पहिल्यांदाच.

तरी आवाजावर गोधडी टाकल्यासारखी होतीच. मग सापडलं. स्पीकरच्या तोंडावर स्पंजची एक पातळ चकती बसवलेली असते. ती काढली. थोडं उघडलं. आतल्या कागदी जाळीला सुईने भोकं पाडली. आणखी उघडलं. मग मोबाइलमध्ये अंकुरने बारीक आवाजाच्या पट्ट्या असतात त्या शेवटपर्यंत वर करून दिल्या. आता कुठे मला तो आवाज माणसासारखा वाटतो. अंकुरने दोन मिनिटं लावून काढून ठेवले. आजच्या पोरांचे कान ढोलाला सोकावलेत, त्यांना खरा आवाज टोचतो.

तर भाऊबीजेची तुझी ओवाळणी ही. तसाच दुसरा जोड आणून, तसाच कापूस, तीच मखमल, तुझ्यासाठी बनवला आहे. पट्ट्याही त्याच. अंकुर घेऊन येईल, त्याला माझ्या नावाने ओवाळ. टेपही त्याने मोबाइलमध्ये भरली आहे, तुझ्या फोनवर टाकेल. तो म्हणत होता, बाबा, मध्ये मध्ये बारीक किणकिण आहे, ती पुसून टाकू का. मी म्हटलं पूस, टेप म्हातारी झाली की असला कचरा धरतेच. पण दिवाळीच्या गडबडीत त्याला वेळ झाला नाही, म्हणून तुला आहे तशीच पाठवतो.

काकणं नाहीत तर नाहीत. आय तरी आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस, मी लावून घेतलंय तेवढं दोघांना पुरे.

तुझा,
दादा

*

करंजाडे,
२७ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मितालीस,
चंदाआत्याचे अ. आ.

तुझ्या सासऱ्यांना नको, तुलाच लिहिते आहे, आणि हे पत्र वाचून झालं की गॅसवर धर. उत्तरही पत्रानेच दे. मोबाइलवरचं जानूदादा चष्मा लावून मोठ्याने वाचतो.

मला तीन-चार गोष्टी खऱ्या सांग. दादाला दारावरची बेल ऐकू येते का? कुकरची शिट्टी? टीव्ही किती मोठा असतो? आणि तो उज्वलावहिनी पुटपुटते म्हणतो, ती खरंच पुटपुटते का?

का विचारते ते नंतर सांगेन. अंकुरला तेवढं बजाव की टेपमधलं काहीही पुसायचं नाही. काहीही म्हणजे काहीही.

तुझी,
आत्या

*

तळवली,
३ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. आत्यांना,
मितालीचा सा. न. वि. वि.

आत्या, शाळेत दहा मार्कांसाठी पत्रलेखन केलं होतं त्यानंतर हे पहिलंच. मायना चुकला असेल तर सांभाळून घ्या.

तुम्ही ओळखलंत. बेल बाबांना येत नाही. कुरियरवाला ओरडून परत जातो आणि बाबा म्हणतात, हे लोक येतच नाहीत. शिट्टी येत नाही. टीव्ही एवढा मोठा असतो की समोरच्या सोसायटीतल्या बाईंना सिरियल आमच्याकडूनच कळते. जाड आवाज सगळे येतात, डंपर गेला तर लगेच सांगतात. म्हणून आम्हालाही बरेच दिवस कळलं नाही. कळलं तेव्हा अंकुरने एकदा कान तपासू म्हटलं, तर बाबा म्हणाले, तू मला आवाज शिकवतोस? चार दिवस जेवले वेगळे. मग कोणी टेन्शन घेतलं नाही, सगळे मोठ्याने बोलतो झालं.

पण आईंचं वाईट वाटतं. त्या पुटपुटत नाहीत हो. त्यांचा आवाजच बारीक आहे, माहेरी गायच्या म्हणे. आधी त्या दोनदा-तीनदा सांगायच्या. मग ओरडून सांगू लागल्या, तर त्यांनाच ते भांडल्यासारखं वाटायचं, जिन्यात भाडेकरू थांबून बघायचे. आता त्या बाबांशी खुणेने बोलतात. चहा, जेवण, औषध. परवा दुपारी गॅलरीत दोघं बसले होते. आई त्यांना माहेरचं काही सांगायला लागल्या, अर्ध्यावर थांबल्या, आणि तोंड खाडीकडे करून बसल्या. बाबांना कळलंही नाही.

अंकुर आणि मी सांगून काही होणार नाही. तुमचं ते ऐकतील, म्हणजे वाचतील.

तुमची,
मिताली

*

करंजाडे,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. दादास,
चंदाचा शि. सा. न. वि. वि.

ओवाळणी मिळाली. एवढी सुंदर वस्तू मला आजवर कोणी दिली नाही. मखमलीवरून हात फिरवला तर सोनेरी रंगाचा एक ठिपका अजून दिसतो, ‘जानू’मधल्या कोणत्या तरी अक्षराचा. मी ती कानाला लावली, टेप सुरू केली, आणि दादा, मी किंचाळून काढून फेकली.

आता पुढचं सावकाश वाच. मधेच उठू नकोस.

कानात सुई गेल्यासारखं झालं. मला वाटलं, माझंच काही चुकलं. ह्यांना लावायला दिली, ह्यांनीही काढली. मग मोबाइलमधल्या त्या पट्ट्या खाली आणल्या, आवाज अगदी बारीक केला, आणि पुन्हा धीर करून लावली. दादा, ते टोचत होतं ते आयचं काकण होतं.

काकणं टेपवर आहेत. सगळी आहेत. शाळेच्या लाउडस्पीकरने त्यांचं काही वाकडं केलं नाही. अंकुरला जी किणकिण कचरा वाटली ती तीच, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. तू मात्र पूस म्हणालास, कारण तुला ती ऐकूच आली नव्हती. चकती काढलीस, जाळीला भोकं पाडलीस, पट्ट्या वर चढवल्यास, प्रत्येक वेळी तुला थोडं उघडल्यासारखं वाटलं. तू हेडफोन सुधारत नव्हतास दादा, तू तुझ्या कानाला ठिगळ लावत होतास. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या हळदीत पेट्यांसमोर उभा राहिलास, त्यांनी बारीक आवाज नेले. जाड ठेवले, म्हणून तुला कळलं नाही.

खरं सांगते, पंधरा दिवस मी गप्प बसायचं ठरवलं होतं. कॅसेट मी बिघडवली असं तुला वाटत राहिलं असतं तरी मला चाललं असतं. तुझा कान म्हणजे तुझी आयुष्याची कमाई, ती मी कशाला हिरावून घेऊ? पण तू लिहिलंस की वहिनी पुटपुटते. ती पुटपुटत नाही, दादा. ती बोलायची थांबली आहे. तुला आवाजातलं कळतं, तर हेही कळायला हवं. म्हणून मी हे लिहिते आहे. रागावलास तर रागव.

आता ही माझी भाऊबीज घे. मी टेप पुन्हा पुन्हा ऐकून कागदावर उतरवली आहे. जिथे काकणं वाजतात तिथे लिहिलंय.

सुरुवातीला खरखर. तू म्हणतोस, आये, बोल काहीतरी. आय म्हणते, “काय बोलू, पीठ मळतंय मी.” काकणं, दोनदा, परातीच्या काठाला लागून. मग बराच वेळ थापणं. तेव्हा ती कोपराकडे असतात, गप्प. भाकरी तव्यावर, काकणं. पुन्हा थापणं, पुन्हा तवा, काकणं. असं सहा वेळा, सहा भाकऱ्या, तू मोजून खायचास तेवढ्या. मग, “त्या डब्याला पीठ लागंल, मंग माज्यावर बोलू नको,” आणि काकणं, हाताने तुला मागे सारते. मग तू धवला गा म्हणतोस. “लगीन नाय, मांडव नाय, न धवला कनाला गाऊ?” इथे तीन वेळा लागोपाठ, तिने तुझ्यासमोर हात नाचवला असणार. “चंदे, पानी दे.” काकणं, तांब्याला लागून, बाकीच्यांपेक्षा बारीक. विस्तव पुढे सारताना दोनदा. मग माझं काहीतरी, माझा आवाज किती चिरका होता रे.

मग आय म्हणते, “तुजं लगीन निगंल तवा गाईन. तवा आन तुजा डबा.” आणि ‘गाईन’नंतर सगळी काकणं एकदम कोपरावरून मनगटावर येतात. हे सोळावं.

तिथे टेप संपली.

तुझं लग्न निघालं तेव्हा तिने गायला नकार दिला, काकणांबरोबर गाणंही ठेवलं म्हणाली, आणि मांडवात तुझ्याच पेट्या वाजल्या. मला आज ते फार आठवलं.

वाशीला कानाचे डॉक्टर आहेत, अंकुरला पत्ता दिला आहे. जा किंवा जाऊ नकोस. पण माया कमी करू नकोस, तेवढं मागते.

तुझी,
चंदा

*

तळवली,
१४ डिसेंबर २०२५

चि. सौ. चंदास,
दादाचे अ. उ. आशीर्वाद.

महिना झाला, तुला वाटलं असेल दादा गेला कामातून. पहिले आठ दिवस मी तुझं पत्र माळ्यावर टाकलं होतं. बहिणीने पत्र लिहून माझा धंदा बुडवला असं मी घरभर बोललो, धंदा बंद करून सात वर्षं झाली तरी.

मग एक दिवस उज्वला गॅलरीत कपडे वाळत घालत होती. दोरीवर हात वर जाई, खाली येई. तिच्या हातात डझनभर काकणं आहेत. मी बघत बसलो. ती एकमेकांवर आपटताना मला दिसत होती, चंदे, आणि आवाज नव्हता. मुका सिनेमा. मी तिला विचारलं, तुझ्या काकणांचा आवाज मला कधीपासून येत नाही. तिने दोरीवरून हात काढला आणि बोटांवर वर्षं मोजली. अंकुरच्या लग्नाच्या आधीपासून, म्हणाली. तिला ठाऊक होतं. एवढी वर्षं ती ते मनात धरून होती आणि मी तिला पुटपुटणारी म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी वाशीला गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन दिले, बंद पाठीचेच, पण माझ्या मखमलीपुढे काहीच नाहीत. टूं ऐकू आलं की बटण दाबायचं. पहिल्यांदा झपाझप दाबलं. मग बराच वेळ काही येईना, म्हटलं मशीन बंद पडलं. बाहेर आलो तर कागदावर माझी रेघ, अर्ध्यापर्यंत सरळ आणि मग धक्क्यावरून खाडीत पाय घसरावा तशी खाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काका, काय करायचात. मी म्हटलं, आवाज. कानाला लावायचं मशीन पुढच्या आठवड्यात मिळेल. उज्वलाचं बोलणं येईल म्हणाल्या. पण अगदी बारीक आवाज परत येतील असं सांगता येत नाही, जे गेलं ते गेलं.

म्हणून काल दुपारी मी दुसरं काम केलं. हेडफोन पुन्हा उघडले. ह्या वेळी कान उज्वलाचा. मी नवी चकती बसवायची, भोकं पडलेल्या जाळीवर कागद लावायचा, पट्ट्या खाली आणायच्या, तिने ऐकायचं. टोचतं म्हणाली की आणखी. अडीच तासांनी तिने मान डोलावली. तुझा जोडही पाठवून दे, तसाच करून देतो. फेकून तुटला नसेल तर.

मग मी तिला टेप लावून दिली. तिच्या कानाला हेडफोन, माझ्या हातात तुझा कागद. तिला म्हटलं, काकण वाजलं की माझ्या मनगटावर बोट मार. मी अक्षरांवर बोट ठेवून चाललो आणि ती मारत गेली. परातीचे दोन. भाकऱ्यांचे सहा. हात नाचवला तिथे टक टक टक. आय माझ्या मनगटावर वाजत होती, चंदे. तांब्यापाशी उज्वलाने अगदी हळू मारलं. तू लिहिलंस ते खरं, तो बारीकच असणार.

‘गाईन’नंतरचं तिने बोटाने मारलं नाही, अख्खी मूठ माझ्या मनगटाभोवती धरली. म्हणाली, “सासूबाईंच्या हातातली काकणं मी आज पयल्यांदा ऐकली.” ती ह्या घरात आली तेव्हा आयचे हात रिकामेच होते, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. हे वाक्य मला सगळं ऐकू आलं, कारण ती तोंड माझ्या कानाशी आणून बोलली. आता मशीन येईपर्यंत हेच चालू आहे. माहेरचं काय सांगायचं होतं तेही सगळं सांगून झालंय, फार लांबण आहे.

आता तुझी खोडी काढतो. तू लिहिलंस, टेप तिथे संपली. तुझा कागद संपला, मीही कागद खाली ठेवला, पण उज्वलाने हेडफोन काढले नाहीत. थोडा वेळ नुसती खरखर असावी. मग तिने माझ्या मनगटावर आणखी एकदा बोट मारलं. ती म्हणाली, सासूबाई विचारतायत, यो बंद कसा करायचा, आणि मग खट. मला एकदम आठवलं. टेपरेकॉर्डर मी बंद केलाच नव्हता. आयने पिठाच्या हाताने बटण दाबलं होतं, ते पीठ बटणाच्या फटीत कितीतरी वर्षं होतं. दाबायला हात पुढे केला तेव्हाचं ते काकण.

तू तेव्हा हेडफोन काढून डोळे पुसत बसली असणार, मला ठाऊक आहे. पण मी लोकांना सांगणार, बत्तीस वर्षं मास्तरीण आणि सोळाच मोजली. सतरा आहेत, चंदे. एकदा कान तपासून घे.

वाशीच्या बाई चांगल्या आहेत, पत्ता अंकुरकडे आहेच. भाऊजींना नमस्कार, उज्वलाचे तुला आशीर्वाद. माया होती तेवढीच आहे, फक्त आता थोडी मोठ्याने बोल.

तुझा,
दादा